एकोणिसावा नंबर आणि माझी कॉम्प्स

गेल्या महिन्यात मला दोन मेसेज आले. दोन्ही केयूला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅन्ससला, नव्याने पीएचडीला आलेल्या मराठी मुलींचे. एकीने विचारलं, "ताई, कॉम्प्सच्या आधी काय काय फॉर्म भरावे लागतात?" (कॉम्प्स म्हणजे पीएचडीची मोठी तोंडी परीक्षा.) दुसरीचा प्रश्न होता, "बास्केटबॉलसाठी कॅम्पिंग करतात म्हणजे नक्की काय करतात? तंबू विकत घ्यायचा का?" दोघींना वेगवेगळं उत्तर लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की माझ्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या होत्या, आणि एकीची गोष्ट दुसरीला सोडून सांगताच येत नाही. म्हणून हे सगळं एकत्र लिहिते आहे. तंबू घेऊ नकोस, हे उत्तर आधीच देऊन ठेवते.

मी पंढरपूरची. आषाढीला आमच्या घरात तीन खोल्यांत चाळीस माणसं उतरायची आणि दर्शनबारी गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जायची. रॉकेलच्या रांगेत स्वतः उभं न राहता कॅन ठेवून नंबर कसा लावायचा, हे मला दुसरीत असताना येत होतं. त्यामुळे रांगेतलं मला कोणी काही शिकवावं असं वाटत नव्हतं. बास्केटबॉलचं म्हणाल तर शून्य. शाळेत खो-खो खेळले, तेवढंच.

लॉरेन्स हे कॅन्सस सिटीच्या पश्चिमेला गाडीने पाऊण तासावर असलेलं गाव. इथे बास्केटबॉल हा नुसता खेळ नाही, गावाचं दैवत आहे. हा खेळ ज्याने शोधला तो जेम्स नेस्मिथ १८९८ मध्ये इथे नोकरीला आला. त्याने १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शाळेत हिवाळ्यात पोरांना गुंतवून ठेवायला हा खेळ काढला होता. इथे तो संघाचा पहिला प्रशिक्षक झाला आणि केयूच्या आजवरच्या प्रशिक्षकांमध्ये जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने जास्त असलेला तो एकटाच. ५५ जिंकले, ६० हरले. मला हा माणूस तेव्हापासून आवडतो. त्याने टाईप केलेले तेरा नियम २०१० मध्ये लिलावात ४३ लाख डॉलरला गेले. ते दोन कागद आता आमच्या कॅम्पसवर डब्रूस सेंटरमध्ये काचेमागे आहेत. त्याच इमारतीत खायची सोय आहे, खुर्च्या बऱ्या आहेत आणि वायफाय चालतं. माझ्या कॉम्प्सच्या प्रपोजलचा अर्ध्याहून जास्त भाग मी तिथे बसून लिहिला.

कॉम्प्स म्हणजे सर्वंकष तोंडी परीक्षा. साधारण तिसऱ्या वर्षी पाच प्राध्यापकांसमोर स्वतःच्या संशोधनाचा प्रस्ताव मांडायचा आणि ते विचारतील त्याला उत्तरं द्यायची. पास झालात की तुम्ही पीएचडीचे 'कॅन्डिडेट', तोवर नुसते विद्यार्थी. माझा विषय मातीतल्या चिकणमातीच्या खनिजांना प्रथिनं कशी चिकटतात हा. ते पाहण्यासाठी मी एनएमआर हे, मोठ्या चुंबकाच्या जोरावर रेणू तपासणारं, यंत्र वापरते.

फॉर्मचं आधी सांगते, कारण रडवलं ते फॉर्मनेच. समितीत एक जण तुमच्या विभागाबाहेरचा लागतो. तो शोधायला मी डिसेंबरात सुरुवात केली आणि तो उशीरच होता. तिघांना ईमेल केले. एक रजेवर होत्या, एकाने उत्तरच दिलं नाही, तिसरे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक लगेच हो म्हणाले. परीक्षेची तारीख किमान दोन आठवडे आधी कळवावी लागते. त्याच्याही आधी संशोधन-कौशल्यं आणि संशोधनातली नीतिमत्ता यांची अट पूर्ण झाल्याची नोंद तुमच्या रेकॉर्डवर असावी लागते. मी तो कोर्स पहिल्याच वर्षी केला होता, पण नोंद झाली की नाही हे कधी उघडून पाहिलं नव्हतं. झाली नव्हती, कारण शेवटचा कागद मीच दिला नव्हता. ऐन जानेवारीच्या मध्यात, बाहेर उणे वीस तापमान असताना, दोन स्वेटरवर जाकीट चढवून मी त्या एका सहीसाठी चार दिवस तीन इमारतींमध्ये फिरले. जी वाचते आहे तिने आजच्या आज स्वतःचं रेकॉर्ड उघडून बघावं, इतकंच सांगते.

पाच प्राध्यापकांना एकत्र मोकळी असलेली वेळ मिळणं म्हणजे लग्नाचा मुहूर्त काढण्यासारखं. मतदानाची लिंक पाठवली आणि एकच खिडकी निघाली, शुक्रवार २ फेब्रुवारी २०२४, दुपारी एक. एका प्राध्यापकांनी उत्तरात लिहिलं, "शुक्रवारच बरा, शनिवारी ह्यूस्टन आहे." मला वाटलं त्यांना कॉन्फरन्सला ह्यूस्टनला जायचंय. गाईडना विचारलं तर त्या हसायलाच लागल्या. ह्यूस्टनचा संघ त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्या लीगमध्ये आला होता, देशात चौथ्या नंबरवर होता आणि शनिवारी ॲलन फील्डहाऊसमध्ये, म्हणजे आमच्या बास्केटबॉलच्या स्टेडियममध्ये, खेळायला येणार होता. आपण आठवे. इथल्या प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारायची सवय व्हायला मला वर्ष लागलं होतं. पण सामन्याच्या वेळापत्रकावरून परीक्षेची तारीख ठरते हे मात्र लगेच आपलंसं वाटलं. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी आमच्या कॉलेजातलं प्रॅक्टिकल कसं आपोआप पुढे जायचं, ते आठवलं.

आता कॅम्पिंग. विद्यार्थ्यांचा खेळांचा पास घेतला की सामन्याला प्रवेश मिळतो, पण ठरलेली खुर्ची मिळत नाही. पासाची किंमत दर वर्षी बदलते म्हणून आकडा लिहीत नाही. माझ्या स्टायपेंडला तो जड गेला, एवढं खरं. आधी आत जाईल तो पुढे बसेल, असा हिशोब. फील्डहाऊसमध्ये तेव्हा १६,३०० माणसं बसायची. पहिल्या दोन वर्षांत मी तासभर आधी जाऊन पार वर बसले होते, तिथून खेळाडूंची टकलं दिसतात. पुढे बसायचं तर कॅम्पिंग. ही सगळी व्यवस्था विद्यार्थीच चालवतात. जास्तीत जास्त तीस जणांचा ग्रुप करायचा आणि एका कागदावर नावं लिहायची. एक घरचा सामना संपला की पुढच्या सामन्यासाठी सकाळी साडेसहाला लॉटरी होते, त्यात ग्रुपचा नंबर निघतो. त्यानंतर सामन्यापर्यंत सकाळपासून रात्री दहापर्यंत ग्रुपमधलं कोणीतरी एक जण फील्डहाऊसच्या आत, गॅलरीखालच्या कॉरिडॉरमध्ये हजर पाहिजे. अधूनमधून, कधीही, यादी मोठ्याने वाचली जाते. तुमच्या ग्रुपचं नाव आलं आणि "हजर" म्हणणारं कोणी नसेल तर नाव खोडलं जातं, पुन्हा यायचं तर यादीच्या तळाला. रात्री घरी जायचं. म्हणून तंबू नको. हे आईला पटवायला मला दोन फोन लागले. तिच्या डोळ्यांसमोर वाळवंटातली राहुटी आली होती.

मला ग्रुपमध्ये घेतलं ते दोन वर्षांपूर्वी मी शिकवायचे त्या जनरल केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असलेल्या एका मुलाने. आता तो तिसऱ्या वर्षाला होता आणि ग्रुपचा म्होरक्या होता. विचिटाचा पोरगा, शिस्तीत आमच्या गावच्या दिंडीच्या चोपदारासारखा. छप्पन्न ओळींची गूगल शीट, तासातासाच्या पाळ्या, प्रत्येकाचा रंग वेगळा. आम्ही सव्वीस जण, त्यातले पंचवीस वीस-एकवीस वर्षांचे आणि मी एकोणतीस वर्षांची. मी माझ्या पाळ्या मुद्दाम जास्त घेतल्या. मनात म्हटलं, कुठेतरी बसून तयारी करायचीच आहे, इथे बसून करू. हाच शहाणपणा पुढे नडला.

मंगळवारी ३० जानेवारीला ओक्लाहोमा स्टेटला ८३-५४ असं हरवून झालं आणि बुधवारी सकाळी साडेसहाला आम्ही चौघं लॉटरीला हजर होतो. भारतात तेव्हा संध्याकाळचे सहा, आईचा व्हिडिओ कॉल चालू. म्होरक्याने चिठ्ठी काढली, एकोणिसावा नंबर. "बरा आहे का?" आईने विचारलं. म्हटलं, बरा आहे, पुढचे दहा-बारा भाग्यवान, आपण गाभाऱ्याच्या दाराशी. ती लगेच समजली.

कॉरिडॉरमध्ये बसायला घडीची खुर्ची लागते. मी मुव्हिंग सेलमध्ये, म्हणजे घर सोडून जाणारे सामान विकतात तिथे, सहा डॉलरला घेतली. एक्स्टेन्शन बोर्ड न्या, प्लग फार कमी असतात. कोणी पिझ्झा मागवला की शेजारच्या ग्रुपलाही एक तुकडा द्यायचा, असा अलिखित नियम आहे. मी एकदा शंकरपाळ्यांचा डबा नेला, अर्ध्या तासात संपला. चार दिवसांचा माझा खर्च धरून तेवीस डॉलर, त्यातले अकरा कॉफीचे.

बुधवार गेला. गुरुवारी संध्याकाळी माझी आठ ते दहा पाळी होती. त्याच वेळी लॅबमधल्या तिघांनी माझी रंगीत तालीम घ्यायचं ठरलं होतं, झूमवर. लॅपटॉपची बॅटरी संपत आलेली, म्हणून मी आमच्या जागेपासून लांब, खांबाजवळच्या प्लगपाशी जाऊन बसले आणि कानात हेडफोन घातले. स्लाइड सतरावर माझ्या श्रीलंकन सहकाऱ्याने थांबवून विचारलं की या आलेखाच्या अक्षाला एकक का नाही. मी स्पष्टीकरण देत होते. तेवढ्यात खांद्यावर कोणीतरी हात ठेवला. शेजारच्या ग्रुपमधली मुलगी होती. हेडफोन काढले तर ती फक्त म्हणाली, "सॉरी. मी तुला शोधत होते."

रोल कॉल होऊन गेला होता.

मी धावत यादीजवळ गेले. आमच्या नावावर निळ्या पेनाची आडवी रेघ होती, ताजी. यादी वाचणाऱ्या पोराला मी काही बोलले नाही, बोलण्यासारखं नव्हतंच. नियम मला माहीत होता. त्याच पेनाने मी आमचं नाव यादीच्या शेवटी पुन्हा लिहिलं. आमच्यावर आता चाळीसच्या वर ग्रुप होते. मग ग्रुपवर मेसेज टाकायचा होता. तीन वेळा लिहिला, तीन वेळा पुसला. सव्वीस जणांनी दोन दिवस तासातासाने लावलेला नंबर मी एका आलेखाच्या अक्षासाठी घालवला होता. शेवटी एवढंच लिहिलं, "माझ्या पाळीत रोल कॉल चुकला. चूक माझी. यादीत शेवटी नाव लिहिलं आहे." दोन मिनिटं कोणाचंच उत्तर नाही. मग म्होरक्याचं आलं, "ओके. उद्याची तुझी पाळी मी घेतो, तुझी परीक्षा आहे ना." रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्या रात्री मी परीक्षेच्या भीतीने नाही, त्या निळ्या रेघेमुळे जागी राहिले.

शुक्रवार. साडेबाराला खोलीत पोचले, प्रोजेक्टर चालू करून पाहिला, पाण्याचे ग्लास ठेवले. समितीसाठी खायला न्यायचं की नाही यावर आमच्या विभागात मतभेद आहेत. मी नेलं नाही आणि काही बिघडलं नाही. पहिली पंचवीस मिनिटं बोलणं सुरळीत झालं. मग एका मॅडमनी फळ्यावर एक साधा आलेख काढायला सांगितला. रेणू सावकाश फिरायला लागला की टी-वन, म्हणजे चुंबकीय संदेश निवून मूळ स्थितीला यायचा वेळ, कसा बदलतो? माझ्या प्रपोजलचा पायाच तो. मी मार्कर घेतला आणि रेघ डावीकडून उजवीकडे सरळ खाली नेली. शांतता. मॅडम म्हणाल्या, "शेवटपर्यंत खालीच?" मला समोर ती रेघ दिसत होती आणि डोक्यात दुसरी, निळी. मिनिटभर तशीच उभी राहिले. मग हळूहळू आठवलं, टी-वन एका मर्यादेपर्यंत कमी होतो आणि मग पुन्हा वाढतो, मध्ये एक दरी असते. घटत जातो तो टी-टू, म्हणजे तसाच दुसरा एक वेळ. फळा पुसला, दरी काढली, माझं प्रथिन खनिजाला चिकटल्यावर दरीच्या कोणत्या बाजूला जाईल ते सांगितलं. "हं," मॅडम म्हणाल्या. त्या 'हं'चा अर्थ मला आजही लागलेला नाही.

चुकीची रेघ काढलीत तर ती पुसा, पण तोंडाने सांगून पुसा. "मी हे चुकीचं काढलं, कारण..." असं म्हटलं की पुढचा प्रश्न सोपा येतो. निदान मला तसा आला.

भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांचा प्रश्न शेवटचा होता. एनएमआरचं चुंबक थंड ठेवायला द्रवरूप हीलियम लागतं, शून्याच्या खाली २६९ अंश. ते मिळायचं बंद झालं तर तुझं संशोधन कसं चालेल? निसटणारं हीलियम परत गोळा करायची सोय, कायम-चुंबकाची छोटी यंत्रं, कुठले प्रयोग त्यावर जमतील आणि कुठले नाही, हे मी सांगितलं. मग राहवलं नाही म्हणून पुढे गेले. या राज्यात डेक्स्टर गावात १९०३ मध्ये गॅसची विहीर लागली. गावाने जल्लोष करायचं ठरवलं तर गॅस पेटेचना, उलट जाळच विझला. तो गॅस लॉरेन्सला आला आणि १९०५ मध्ये याच कॅम्पसवर, बेली हॉलमध्ये, रसायनशास्त्राच्या केडी आणि मॅकफार्लंड यांना त्यात हीलियम सापडलं. तोपर्यंत पृथ्वीवर ते फारच दुर्मीळ समजलं जायचं. प्राध्यापक खुशीत म्हणाले, गॅसचा नमुना आणणारा आमच्या शास्त्राचा होता, ते विसरू नकोस. ते मला माहीत होतं, पण विसरले होते.

मग "बाहेर थांब." कॉरिडॉरमध्ये बावीस मिनिटं. इथेही नाव पुकारायची वाट पाहणं, फक्त या वेळी हेडफोन पिशवीत खाली होते. दार उघडलं, गाईडनी हात पुढे केला. निकालाचे तीन प्रकार असतात, ऑनर्स, सॅटिस्फॅक्टरी आणि अनसॅटिस्फॅक्टरी. मला मधला मिळाला. तो मिळाला की मुलं फोटो टाकतात. मी आधी सगळ्यांच्या सह्या झाल्याची खात्री केली आणि निकालाची नोंद कधी होईल ते विचारून वहीत लिहून घेतलं. अजून एक, कॉम्प्सनंतर दर सेमिस्टरला किती क्रेडिट घ्यायचे याचे नियम बदलतात. तुमच्या सल्लागाराकडून ते त्याच आठवड्यात लेखी मागून घ्या, विशेषतः एफ-वन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या, व्हिसावर असाल तर.

आईला फोन केला तेव्हा तिकडे पहाटेचे तीन वाजून गेले होते. तिने पहिल्या रिंगला उचलला. "झालं," म्हटलं. "आणि तो नंबर?" म्हणाली. तो गेला, म्हटलं. "कुठे गेला?" सांगितलं. ती बराच वेळ हसत होती.

शनिवारी आम्ही सगळे ठरल्या वेळी दारात उभे होतो. कॅम्प केलेल्या ग्रुपांना नंबरवार आत सोडतात. आमच्या पुढून एकेक ग्रुप जात होता आणि मी प्रत्येकाचे पाय बघत होते, चेहरे नाही. आत गेल्यावर सगळे पळत सुटतात, खो-खोचा सराव तिथे कामी आला. बास्केटच्या मागच्या बाजूला, पुढून बऱ्याच ओळी वर, सव्वीस जणांना एकत्र जागा मिळाली. एकोणिसाव्या नंबरला मिळाली असती त्यापेक्षा कितीतरी वर. पण टकलं नाही, चेहरे दिसत होते.

पाहुण्या संघाची नावं पुकारली जातात तेव्हा केयूचे विद्यार्थी वर्तमानपत्र उघडून वाचायचं नाटक करतात, तुम्ही कोण आम्हाला माहीत नाही असं. मग आपला संघ आला की त्याच पेपराचे तुकडे करून हवेत उडवतात. माझ्या केसांत शाईचे कपटे रात्रीपर्यंत होते. आवाजाबद्दल लिहून काही सांगता येत नाही. याच छताखाली २०१७ मध्ये १३०.४ डेसिबलचा गिनेस विक्रम झाला होता. कानात घालायचे बोळे न्या, लाजू नका.

खेळाचं मला अजून सगळं कळत नाही. ह्यूस्टनचा बचाव देशात नावाजलेला होता आणि त्या दिवशी आमच्या पोरांचे चेंडू त्यातून सारखे आत जात होते, एवढं कळलं. ७८-६५. शेवटची काही मिनिटं उरली आणि जिंकणार हे पक्कं झालं तेव्हा सगळं सभागृह सावकाश म्हणायला लागलं, "रॉऽऽक चॉऽऽक, जेऽऽहॉक, केऽऽयूऽऽ". जेहॉक हे आमच्या संघाचं नाव. दोनदा संथ, मग तीनदा भरभर. ही घोषणा १८८६ मध्ये रसायनशास्त्राच्या प्राध्यापक बेलींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली, ज्यांचं नाव बेली हॉलला आहे तेच बेली. रसायनवाल्यांचं काम म्हणून मीही बेंबीच्या देठापासून ओरडले. त्या लांबवलेल्या सुरात मला सगळ्यात आधी आठवलं ते कीर्तन संपताना लांबवलेलं "पुंडलिक वरदे". अंगावर काटा आला. शेजारच्या पोरीने विचारलं, बरी आहेस ना? म्हटलं, हो.

बाहेर पडताना म्होरक्याने पुढच्या घरच्या सामन्याची शीट पाठवली, बेलरचा, १० तारखेला. मी तिथेच पायऱ्यांवर उभी राहून दोन पाळ्या घेतल्या, दोन्ही सकाळच्या. घरी जाऊन पुन्हा उघडली तेव्हा माझ्या नावासमोरच्या रिकाम्या चौकटीत कोणीतरी हेडफोनचं छोटं चित्र टाकून त्यावर लाल फुली मारून ठेवली होती.